बैठकीत न बोललेले वाक्य

मराठीत ‘बैठक’ हा शब्द मोठा लवचीक आहे. गाण्याची बैठक असते, वाड्यातील दिवाणखान्याला बैठक म्हणतात, एखाद्या विचाराला तात्त्विक बैठक असते आणि आखाड्यात जोर-बैठकाही असतात. कार्यालयातील बैठक या सर्वांहून निराळी. तिचे नाव निघताच पुष्कळांच्या कपाळावर आठी उमटते. चर्चेचे गुऱ्हाळ, चर्वितचर्वण, ‘चहा-बिस्किटांचा कार्यक्रम’ अशी विशेषणे तिच्या वाट्याला येतात, आणि ती सर्वस्वी अन्यायाची आहेत असे म्हणवत नाही. तरीही आज कोणतेही मोठे काम बैठकीवाचून पार पडत नाही. कारखान्याचा विस्तार, रुग्णालयाचा कारभार, गृहनिर्माण संस्थेची दुरुस्ती, बँकेचे कर्जमंजुरीचे काम, या प्रत्येकात वेगवेगळ्या विषयांतील जाणकारांना एकमेकांच्या माहितीवर विसंबून निर्णय घ्यावा लागतो. कोणा एकालाच सर्व काही ठाऊक असते, तो काळ मागे पडला.

या गुंतागुंतीचे साधे गणित आहे. पाच जणांच्या गटात दोघादोघांमधील संवादाचे दुवे दहा असतात. माणसे बारा झाली की दुवे सहासष्ट होतात आणि तीस झाली की चारशे पस्तीस. माणसे वाढतात त्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने एकमेकांना सांगायच्या गोष्टी वाढतात. आयबीएममध्ये एका प्रचंड संगणकप्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या हिशेबाच्या आधारे असा निष्कर्ष काढला की, रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते काम अधिकच रखडते. नव्या माणसांना समजावून सांगण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो, हे त्याचे एक कारण. दुवे वाढतात, हे दुसरे. बैठक म्हणजे हे सारे दुवे एकाच खोलीत, एकाच वेळी जोडण्याचा प्रयत्न होय. तो फसतो तेव्हा नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी एका दुर्दैवी घटनेकडे वळावे लागेल. तिच्याशी आपल्या देशाचे दुःखही निगडित आहे.

सोळा दिवस, पाच बैठका

१६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रावरून ‘कोलंबिया’ हे अंतराळयान सात जणांना घेऊन झेपावले. त्यांत हरियाणातील कर्नालच्या कल्पना चावला होत्या. चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९८२ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेस गेलेल्या कल्पनांचे हे दुसरे उड्डाण. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील इंधनटाकीवरील उष्णतारोधक फेसाचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. दुसऱ्या दिवशी चित्रफिती तपासताना तज्ज्ञांना तो आघात दिसला. म्हणजे जे घडले ते कोणाच्या नजरेतून सुटले नव्हते.

पुढील घटनाक्रम यंत्रांचा नसून बैठकांचा आहे. उड्डाणकाळात सर्व महत्त्वाचे निर्णय ‘मोहीम व्यवस्थापन गट’ घेत असे. नियमानुसार या गटाची बैठक दररोज व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात सोळा दिवसांत ती पाच वेळा झाली. मध्येच सार्वजनिक सुट्टी जोडून आलेला आठवड्याचा शेवट होता. अभियंते त्या दिवसांतही हिशेब करीत राहिले, पण ज्यांना ते सांगावयाचे त्यांची बैठक नव्हती.

आघाताचा अभ्यास करण्यासाठी नासा आणि कंत्राटदार कंपन्यांचे अभियंते मिळून एक गट तयार झाला होता. त्या गटाला अधिकृत दर्जा कोणता, तो कोणाला उत्तरदायी आणि त्याच्या मागणीला वजन किती, हे स्पष्ट नव्हते. या अभियंत्यांना पंखाची छायाचित्रे हवी होती. संरक्षण खात्याच्या उपकरणांद्वारे ती मिळू शकली असती. अशी मागणी वेगवेगळ्या मार्गांनी तीन वेळा झाली. २२ जानेवारीस व्यवस्थापनाने चौकशी केली की, ही मागणी ‘अनिवार्य’ म्हणून कोणी नोंदविली आहे काय? तशी नोंद विहित मार्गाने आलेली आढळली नाही, आणि संरक्षण खात्याकडे पोहोचलेली विनंती मागे घेण्यात आली. ज्यांनी ती केली होती त्यांना विचारण्याचे राहूनच गेले. त्या अभियंत्यांपुढे आता विलक्षण पेच उभा राहिला. छायाचित्रे अनिवार्य आहेत हे सिद्ध करावयाचे तर पंख फुटल्याचा पुरावा हवा. आणि पुरावा मिळवावयाचा तर छायाचित्रे हवीत.

येथे सिद्धतेचा भार नकळत उलटला होता. एरव्ही उड्डाणापूर्वी अभियंत्यांना सांगितले जाते की, यान सुरक्षित आहे हे सिद्ध करा. या प्रसंगी त्यांच्याकडून अपेक्षा होती ती यान असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची. दोन्ही वाक्ये ऐकावयास सारखी वाटतात, पण पहिल्या वाक्यात शंकेचा फायदा माणसांना मिळतो आणि दुसऱ्यात वेळापत्रकाला. आपल्याकडील कित्येक बैठकांमध्येही हीच अदलाबदल होते. ‘गोदामाची वायरिंग धोकादायक आहे असे तुम्ही खात्रीने म्हणू शकता का?’ हा प्रश्न मालकाने विचारला की वायरमन गप्प होतो, कारण खात्रीने असे कोण म्हणणार?

२४ जानेवारी रोजी अभियंत्यांनी आपले निष्कर्ष मांडले. त्या खोलीत इतकी गर्दी झाली की काही जणांना बाहेरच्या मार्गिकेत उभे राहून ऐकावे लागले. त्यांच्या सादरीकरणातील एक स्लाइड पुढे अभ्यासाचा विषय झाली. तिचे शीर्षक आश्वासक होते. उपलब्ध चाचण्यांनुसार सुरक्षिततेला पुरेसा वाव आहे असा त्याचा आशय. तिच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी बाब होती. ज्या चाचण्यांच्या आधारे अंदाज बांधला होता त्यांतील तुकड्याचे घनफळ तीन घनइंच होते आणि प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्याचे १,९२० घनइंच धरण्यात आले होते. सहाशे चाळीस पटींचे अंतर! माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिकित्सा केली आणि चौकशी मंडळाने ती आपल्या अहवालात समाविष्ट केली. याच सादरीकरणाचा सारांश त्याच सकाळी व्यवस्थापन गटाच्या बैठकीत तोंडी सांगण्यात आला. प्रत्येक पायरीवर थोडी थोडी अनिश्चितता गळून पडली आणि वरपर्यंत पोहोचले ते एवढेच की, चिंतेचे कारण नाही. यानातील कमांडर आणि वैमानिकालाही आदल्या दिवशी ई-पत्राने तसेच कळविण्यात आले होते.

त्या दिवसांत एका ज्येष्ठ अभियंत्याने छायाचित्रांना नकार देणे ही गंभीर चूक आहे अशा आशयाचे पत्र संगणकावर लिहिले होते. त्याने ते छापून एका सहकाऱ्याला दाखविले, पण वरिष्ठांना पाठविले नाही. आपल्या पायरीपेक्षा फार वरच्या माणसांना परस्पर लिहावयाचे नसते, असा तेथील संकेत असल्याचे त्याने पुढे सांगितले.

१ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या प्रवासात तप्त वायू डाव्या पंखात शिरले आणि टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. सातही जण मृत्युमुखी पडले. चारच दिवसांनी, ५ फेब्रुवारीस, भारताने आपल्या हवामान उपग्रहाला ‘कल्पना-१’ हे नाव दिले. जुलैमध्ये प्रयोगशाळेत तशाच पंखाच्या कडेवर सुमारे पाऊण किलो वजनाचा फेसाचा तुकडा वेगाने मारून पाहिला, तेव्हा तीत सुमारे चाळीस सेंटिमीटरचे भगदाड पडले. ॲडमिरल हॅरोल्ड गेहमन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. त्यात असेही म्हटले होते की, धोका वेळीच ओळखला गेला असता तर ‘अटलांटिस’ हे दुसरे यान पाठवून सुटकेचा प्रयत्न करणे अवघड, पण शक्य कोटीतील होते. फेसाचा तुकडा हे अपघाताचे भौतिक कारण, पण संस्थेची कार्यसंस्कृतीही तितकीच कारणीभूत आहे, असा निर्वाळा मंडळाने दिला.

हा प्रसंग इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, त्यात खलनायक कोणी नाही. सर्वजण बुद्धिमान, परिश्रमी आणि सहकाऱ्यांच्या जिवाची काळजी असलेले होते. प्रत्येकाने आपल्या परीने नियम पाळला. तरीही जे वाक्य उच्चारावयास हवे होते ते ज्या खोलीत हवे त्या खोलीत उच्चारले गेले नाही.

अधिकाराची उतरंड

वरिष्ठांपुढे बोलण्याचा संकोच हा केवळ आपल्या संस्कृतीचा दोष आहे, असे आपण अनेकदा मानतो. विमानोड्डाणाचा इतिहास तसे सांगत नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे दाट धुक्यात दोन जंबो जेट विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे दगावली. डच विमानाचा कॅप्टन हा त्या कंपनीचा नामांकित प्रशिक्षक होता. विमान धावू लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने विचारले होते की, समोरचे विमान अजून धावपट्टीवरून हटले नसेल तर? कॅप्टनने ठाम उत्तर दिले. प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलँडजवळ चाकांतील बिघाडाचा विचार करीत एक विमान सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले. इंधन संपत आल्याचे सहकारी आडवळणाने सुचवीत होते. कॅप्टनचे लक्ष चाकांकडे. विमान कोसळून दहा जण मरण पावले.

या अपघातांनंतर १९७९ साली नासाने विमान कंपन्यांची एक कार्यशाळा घेतली. तीतून जी शिक्षणपद्धती घडत गेली ती आज ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने जगभर रूढ आहे. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार वैमानिकांना हे प्रशिक्षण घ्यावे लागते. तिच्यातील शिकवण दुहेरी आहे. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत, गरज पडल्यास पुन्हा उच्चारावी, हा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग कॅप्टनसाठी आहे: त्याने ती शंका मागून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी पहिलाच अर्धा शिकविला जातो. कर्मचाऱ्यांना ‘निर्भयपणे बोला’ असे फलक लावून सांगितले जाते आणि साहेबांच्या भुवईकडे मात्र कोणी पाहत नाही. बोलण्याचे धैर्य कनिष्ठाकडून मागण्यापूर्वी ऐकण्याची सवय वरिष्ठाने लावून घेणे अधिक स्वस्त पडते, असे मला वाटते.

याविषयीचे एक निरीक्षण मोठे उद्बोधक आहे. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. उत्तम गटांत औषधांच्या चुका कमी असतील, ही त्यांची अपेक्षा. आकडे उलटेच आले. चांगल्या गटांत चुकांची नोंद अधिक होती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा उलगडा असा की, तेथे चुका अधिक होत नव्हत्या, तर त्या अधिक मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. एखाद्या विभागाच्या मासिक बैठकीत ‘तक्रार शून्य’ असा अहवाल आला की टाळ्या वाजवाव्यात की चिंता करावी, हा प्रश्न या निरीक्षणामुळे उभा राहतो.

नाव सांगा, काम सांगा

शस्त्रक्रियागृह हे संघकार्याचे आणखी एक कठोर उदाहरण. तेथे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका एकत्र येतात. मोठ्या रुग्णालयात त्यांतील कित्येकांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची पडताळणी-सूची तयार केली. त्या कामाचे नेतृत्व बोस्टनचे शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांनी केले. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे. ही सूची तीन टप्प्यांत वाचली जाते: भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणत्या अवयवावर, प्रतिजैविक दिले काय, शेवटी उपकरणे व कापसाच्या घड्या मोजल्या काय, असे तिचे स्वरूप. मुद्दे इतके साधे की प्रथम पाहणाऱ्यास हसू यावे.

मात्र दुसऱ्या टप्प्यातील एक मुद्दा निराळा आहे. छेद घेण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावयाचे. यामागील तर्क असा की, ज्या माणसाने एकदा तोंड उघडले आहे त्याला पुढे काही खटकले तर पुन्हा तोंड उघडणे सोपे जाते. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही सूची वापरून पाहिली गेली. आधीच्या ३,७३३ आणि नंतरच्या ३,९५५ रुग्णांची तुलना केली असता मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. जानेवारी २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अनेक देशांनी सूची स्वीकारली.

कथा येथेच थांबविणे सोयीचे झाले असते. परंतु कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ही सूची लागू केल्यावर झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथे मृत्यूच्या किंवा गुंतागुंतीच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. सूची तीच, कागद तोच. आधीपासूनच बऱ्या असलेल्या रुग्णालयांत सुधारणेस वाव कमी असेल, हा एक अर्थ. पण पुष्कळ जाणकारांनी दुसऱ्या कारणाकडे बोट दाखविले. हुकूम आला म्हणून चौकटीत खुणा करणे आणि खरोखर थांबून एकमेकांकडे पाहणे यांत अंतर असते. ज्यांनी आपल्या कारखान्यात गुणवत्ता-प्रमाणपत्रासाठी तक्ते भरले आहेत त्यांना हे अंतर समजावून सांगण्याची गरज नाही. महिनाअखेरीस एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेली नोंदवही कोणी पाहिली नाही?

चर्चा कशाची होते?

ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५० च्या दशकात एका कल्पित समितीचे वर्णन केले. विषयपत्रिकेवर प्रथम एक कोटी पौंडांची अणुभट्टी येते. ती कोणालाच नीट समजत नाही, म्हणून अडीच मिनिटांत मंजूर होते. पुढचा विषय साडेतीनशे पौंडांच्या सायकल-शेडचा. पत्रा कोणता वापरावा यावर प्रत्येकाला मत असते. पाऊण तास जातो. शेवटी चहापानाच्या वर्षाला एकवीस पौंडांच्या खर्चावर सव्वा तास खडाजंगी होते. हा विनोद खरा, पण गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला एकदाही गेलेल्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल. इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल पाच मिनिटांत ‘वाचला असे समजण्यात’ येतो आणि वाहनतळावरील पाहुण्यांच्या स्कूटरवर रात्रीचे साडेनऊ वाजतात.

यावर उपाय शिस्तीचा आहे. विषयपत्रिकेत विषयांपुढे केवळ क्रमांक न घालता त्या विषयाचे काय करावयाचे आहे ते लिहावे: माहितीसाठी, मतासाठी, की निर्णयासाठी. माहितीसाठीचे विषय कागदावर आधी पाठविले तर त्यांवर बैठकीचा वेळ खर्चण्याचे कारण उरत नाही. निर्णयाचा विषय प्रथम घ्यावा, माणसे ताजीतवानी असताना. आणि कोलंबियाची ती स्लाइड आठवून, ज्या बाबीविषयी खात्री नाही ती शीर्षकात लिहावी.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. एकत्र बसून विचार केला की अधिक कल्पना सुचतात, अशी आपली समजूत असते. येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या प्रयोगात चार जणांचा एकत्र गट आणि स्वतंत्रपणे विचार करणारी चार माणसे यांची तुलना केली गेली. स्वतंत्र विचार करणाऱ्यांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या संख्येने अधिक भरल्या. कारण उघड आहे. एक बोलत असताना तिघांना थांबावे लागते, आणि पहिल्या वक्त्याच्या मताकडे पुढील मते झुकतात. म्हणून महत्त्वाच्या विषयावर प्रथम दहा मिनिटे प्रत्येकाने आपले मत लिहावे आणि मग चर्चा सुरू करावी, ही रीत लाभदायक ठरते. बुजऱ्या माणसाचे मतही अशा वेळी कागदावर उतरलेले असते.

बोलण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. भारतीय सेनेच्या कोर्ट मार्शलमध्ये निर्णयासाठी सदस्यांची मते घेताना सर्वांत कनिष्ठापासून प्रारंभ करण्याचा नियम आहे. ज्येष्ठाचे मत आधी कानावर पडले तर कनिष्ठाचे स्वतंत्र राहणार नाही, ही जाण त्यामागे दिसते. ज्या संस्थेत आज्ञापालन हा पाया, त्या संस्थेने हा नियम करावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडील बहुतेक बैठकांत अध्यक्षांचे प्रास्ताविक वीस मिनिटांचे असते, त्यात निर्णयही सूचित झालेला असतो, आणि मग ‘आपली मते मोकळेपणाने मांडा’ असे आवाहन होते. त्यानंतर मम म्हणण्यापलीकडे उरते काय?

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना हा धडा महागात पडला. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावरील ‘बे ऑफ पिग्ज’ मोहीम फसली. सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी तिच्याविरुद्ध टिपणे लिहिली होती, पण बैठकांत ते फारसे बोलले नाहीत, आणि पुढे त्यांनी त्याबद्दल स्वतःलाच दोष दिला. दीड वर्षाने, ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्षेपणास्त्रांचा पेच उद्भवला तेव्हा केनेडी सल्लागारांच्या काही चर्चांना मुद्दाम अनुपस्थित राहिले. आपण समोर नसताना मंडळी अधिक मोकळी होतात, हे त्यांनी ओळखले होते.

आणखी एक पद्धत मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचविली आहे. योजना अंतिम करण्यापूर्वी सर्वांना सांगावयाचे की, वर्ष उलटले आहे आणि योजना पार फसली आहे. ती का फसली, ते प्रत्येकाने लिहा. शंका घेणारा येथे अपशकुनी ठरत नाही, कारण शंका घेणे हेच सर्वांना दिलेले काम असते. ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणणाऱ्या आपल्या समाजात ही पद्धत प्रथम कानाला खटकेल. परंतु नव्या शाखेसाठी, नव्या यंत्रासाठी वा मुलाच्या व्यवसायासाठी कर्ज घेण्यापूर्वी घरच्या मंडळींनी हा अर्धा तास खर्च केला, तर हप्ते थकल्यावर होणाऱ्या बैठकीपेक्षा तो बराच सुखाचा असतो.

अपयशाच्या बैठकीत कोण बसते, याचे एक भारतीय उदाहरण वाचकांना आठवत असेल. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले. मोहिमेचे संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. पत्रकार परिषदेला संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः सामोरे गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. १८ जुलै १९८० रोजी यश मिळाले तेव्हा धवन यांनी पत्रकार परिषद कलामांना घ्यावयास सांगितली. कलाम ही आठवण पुढे आयुष्यभर सांगत असत. चुकल्यास आपल्याला एकटे सोडले जाणार नाही, याची ज्या गटाला खात्री असते त्या गटाच्या पुढच्या बैठकीत माणसे खरे आकडे आणतात.

इतिवृत्त

बैठक संपल्यावर उरतो तो कागद. इतिवृत्त लिहिणे हे सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडणारे काम, अशी समजूत आहे. कंपनी कायदा, २०१३ याकडे फार गांभीर्याने पाहतो. संचालक मंडळाच्या वर्षातून किमान चार सभा व्हाव्यात, दोन सभांत १२० दिवसांहून अधिक अंतर नसावे, सभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी आणि इतिवृत्त तीस दिवसांच्या आत नोंदविले जावे, या सर्वसाधारण तरतुदी आहेत. लहान कंपन्यांना काही सवलती मिळतात. त्याच कायद्यात एक तरतूद अशी आहे की, एखाद्या ठरावास ज्या संचालकांनी विरोध केला किंवा संमती दिली नाही त्यांची नावे इतिवृत्तात नमूद झाली पाहिजेत. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द आपल्या हाताला इतके सवयीचे झाले आहेत की, या तरतुदीचा उपयोग करावा लागणे म्हणजे जणू घरातील भांडण चव्हाट्यावर येणे, असे वाटते. वास्तविक भिन्न मताची नोंद ही त्या मंडळाने विषयाचा विचार केल्याची खूण असते, आणि कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या माणसालाही तिच्यातून पुष्कळ समजते.

कायद्याच्या कक्षेबाहेरील छोट्या बैठकांसाठी चार रकान्यांचा कागद पुरतो: काय ठरले, कोण करणार, केव्हापर्यंत, आणि कोणती शंका अनिर्णित राहिली. पहिले तीन रकाने आता बहुतेक ठिकाणी असतात. चौथा क्वचित. तो रिकामा सोडावयाचा नाही असे ठरविले, तर इतिवृत्त लिहिणाऱ्याला प्रत्येक विषयानंतर खोलीतील सर्वांना तो प्रश्न विचारावाच लागतो आणि पुढील बैठकीची सुरुवात त्याच रकान्यापासून करता येते.

आपल्या विषयपत्रिकांत शेवटचा विषय ठरलेला असतो: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. तोपर्यंत चहा आलेला असतो, कोणाला गाडी गाठावयाची असते, आभारप्रदर्शन करणारा कागद घेऊन उभा असतो. पाण्याच्या टाकीला गेलेला तडा, गिऱ्हाइकाने परत पाठविलेला माल, हिशेबात न जुळणारी एक रक्कम, अशा गोष्टी नेमक्या तेव्हाच, दबक्या आवाजात निघतात. काही संस्थांनी हा विषय मागील इतिवृत्ताच्या वाचनानंतर लगेच, दुसऱ्या क्रमांकावर घेण्यास सुरुवात केली आहे. त्याला पंधरा मिनिटे राखून ठेवलेली असतात, आणि अध्यक्ष प्रथम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यांना विचारतात.